शपथ मोडल्यावर जायची जागा

ताई, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वय ४६. रोज रात्री एक क्वार्टर लागते, सुट्टीच्या दिवशी जास्त. वर्षभर झालं, सकाळी हात थरथरतात. फळ्यावर लिहिताना पोरं हाताकडे बघतात, म्हणून हल्ली शाळेत जाण्याआधीही थोडी घेतो. तीन वर्षांपूर्वी आळंदीला जाऊन माळ घातली होती. आठ महिने थेंबाला शिवलो नाही. मग चुलतभावाच्या हळदीत घेतली आणि दुसऱ्या दिवशी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. पुढे मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तीही मोडली. ती आता दहावीला आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते.

एका मित्राने एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगबद्दल सांगितलं. जिल्ह्याच्या गावी एका शाळेत मीटिंग भरते असं कळल्यावर गेलो. फाटकातून पाहिलं तर माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील व्हरांड्यात उभे. तसाच मागे फिरलो आणि स्टँडसमोरच्या बारमध्ये जाऊन बसलो.

नुसतं एकमेकांशी बोलून दारू सुटते का? आत नेमकं काय चालतं? नाव-गाव सांगावं लागतं का? गावात बभ्रा झाला तर? हे ख्रिश्चनांचं आहे असंही कुणी म्हणालं. आणि बायकोने 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून पावडर मागवायचं ठरवलंय. तिला काय सांगू?

आपला,
एक शिक्षक

सर, नमस्कार.

प्रश्न बरेच आहेत, पण आधी एका ओळीवर थांबावं लागेल. सकाळी हात थरथरतात आणि शाळेआधी थोडी घ्यावी लागते, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ शरीर आता दारूवर अवलंबून आहे. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. ४२.८ टक्क्यांच्या दारूत तेवढ्यातून जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल रोज पोटात जातं. तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून आकडा दिला. इतकी दारू वर्षानुवर्षं घेणाऱ्याने पश्चात्तापाच्या भरात 'आजपासून बंद' म्हणत एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भास, गोंधळ, ताप, दरदरून घाम अशी अवस्थाही होऊ शकते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती जिवावर बेतते. भिंतीवर किडे दिसतात, दारात कुणी उभं आहे असं माणूस बरळतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. अंगारे-धुपारे करण्यात रात्र जाते, आणि नेमके तेच तास दवाखान्यात जायचे असतात.

म्हणून हे वाचून आज रात्री बाटली मोरीत ओतू नका. आधी डॉक्टर गाठा. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे जा. किती पिता हे खरं सांगा, सकाळची धरून सांगा, कारण औषध किती द्यायचं हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. साधारणपणे काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. पूर्वी कधी फिट आली असेल तर दाखल व्हायला सांगतील, तेव्हा मुकाट्याने व्हा. आजारपणाची रजा याच्यासाठीच असते. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा नंबरही आहे. दोन्ही मोफत.

मीटिंगला जायला मात्र हे सगळं उरकायची वाट बघू नका. 'आधी जरा सुधारतो, मग जातो' असं म्हणणारे लोक मी खूप पाहिलेत, आणि त्यातले बरेचसे कधीच गेले नाहीत. एएमध्ये यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा असणं. सुटलेली असायला हवी अशी अट नाही. कुणी पिऊन आला तर बहुतेक ठिकाणी त्याला 'आज बोलू नका, बसून ऐका' एवढंच सांगतात.

आता माळ आणि शपथ. मला तुमच्या पत्राचा खरा विषय तोच वाटतो.

तुमची माळ खोटी नव्हती. आठ महिने तुम्ही न पिता राहिलात, आणि हे आपल्याला जमतं हे तुमच्या शरीराला ठाऊक आहे. घात झाला तो हळदीच्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या सकाळी तुम्हाला जायला जागाच नव्हती. घरी तोंड दाखवायची लाज, मित्रांत जावं तर ते पुढचा पेग भरायला तयार, देवापुढे उभं राहायचीही चोरी. माळ काढून ठेवण्याखेरीज काही सुचलं नाही. शपथ पाळली जाते तोवर सोबत करते आणि मोडली की माणसाला एकटं टाकते. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ तर तिलाही त्यात ओढते. बाप प्यायला की आपलंच काही चुकलं असं त्या वयाच्या मुलांना वाटत राहतं.

माळ घालून आयुष्यभर टिकलेली माणसं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे जरा नीट बघा. माळेबरोबर त्यांना पंधरवड्याची एकादशी मिळालेली असते, भजनाला बसणारे चारजण मिळालेले असतात, वारीत दिंडीतली तीच माणसं दरसाल भेटत असतात. एखादा दोन वेळा भजनाला आला नाही तर कुणीतरी घरी चौकशीला जातं. तुम्ही माळ घातलीत, पण एकट्याने.

मीटिंगचं मोल मला यातच दिसतं. काल रात्री प्यायलेला माणूस आज तिथे येऊन 'काल घेतली' असं म्हणू शकतो, आणि समोरचे दहा जण मान डोलावतात, कारण त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हेच वाक्य उच्चारलेलं असतं. मोडल्यावर जायची जागा.

हे त्या चळवळीच्या जन्मातच आहे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल नावाचा माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं, हातात पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, आतून हसण्या-बोलण्याचा आवाज येतोय. आता कुणाशी बोललो नाही तर आपण आत जाणार, हे त्याला कळलं. लॉबीतल्या फोनवरून चर्चचे नंबर फिरवत त्याने आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याचा शोध सुरू केला. भेटला तो बॉब, पेशाने सर्जन. दोघं कितीतरी तास बोलत बसले. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. पुढचं लोक सहसा सांगत नाहीत. त्या भेटीनंतर बॉबने सोडली, आणि काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या एका परिषदेला गेला तिथून पुन्हा पिऊन परतला. बिल आणि घरची माणसं त्याच्याजवळ राहिली. बॉबचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा. तोच दिवस एए आपला स्थापनादिन मानते. म्हणजे संस्थापकाचं मोडलं, तो परत आला, आणि तिथून मोजणी सुरू झाली. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

फाटकापासून बारपर्यंत गेलात त्या संध्याकाळी तुम्ही बिलच्याच लॉबीत उभे होतात. पुढच्या वेळी खिशात एक फोन नंबर असू द्या. तो कसा मिळवायचा ते पुढे सांगते.

आत काय चालतं? मीटिंग शाळेत असेल तर एखाद्या वर्गात पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली दिसतील, फळ्यावर दुपारचा धडा तसाच असेल. एका भिंतीला बारा पायऱ्यांचा (दारूतून बाहेर पडायचा एएचा मार्ग) आणि बारा परंपरांचा (गट चालवायची तत्त्वं) कापडी फलक टांगतात, मीटिंग संपली की गुंडाळून नेतात. सुरुवातीला थोडं मौन, एक प्रार्थना, मग एएचं ध्येय वाचून दाखवतात. त्या दिवशीचा अध्यक्ष एकेकाला बोलायला बोलावतो. बोलणारा 'मी अमुक, मद्यपाशी' असं म्हणून सुरुवात करतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. पूर्वी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे, एवढं पाच-दहा मिनिटांत. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, 'असं का केलंस' म्हणत नाही. शिक्षकाला हे पचायला थोडं जड जाईल, पण दोन-तीन मीटिंगांत त्यातला आराम कळतो. साधारण तास-दीड तासात आटपतं. मग चहा. खर्चासाठी डबा किंवा पिशवी फिरते. दहा-वीस रुपये टाकले तरी चालतात, नाही टाकले तरी कुणी बघत नाही, आणि बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

काही मीटिंगा 'ओपन' असतात, तिथे घरचे, डॉक्टर, माझ्यासारखे लोकही बसू शकतात. 'क्लोज्ड' मीटिंगला फक्त दारूची अडचण असलेली माणसं. ओपन मीटिंगला मी अनेकदा गेले आहे. त्यातल्या एका मीटिंगची गोष्ट तपशील बदलून सांगते. एक गृहस्थ सांगत होते, दिवाळीत बायकोला सापडू नये म्हणून त्यांनी पव्वा चकल्यांच्या डब्यात तळाशी ठेवला. पाहुणे आले, बायकोने नेमका तोच डबा उघडला आणि सगळ्यांसमोर चकल्या काढता काढता हाताला बाटली लागली. वर्गात एकदम हशा पिकला. मी बाजूला पाहिलं तर हसणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या हशात टिंगल नव्हती. प्रत्येकाला आपापला डबा आठवला होता: कुणाची ज्वारीची कणगी, कुणाची संडासाची टाकी, कुणाची मोटरसायकलची डिकी. हसणं ओसरल्यावर ते गृहस्थ म्हणाले, 'आज दुपारपासून घ्यावीशी वाटत होती. म्हणून आलो.' आणि खाली बसले. तुमचं गुपित इतरांचंही आहे हे एकदा कानांनी ऐकलं की लाजेचा विळखा सैल होतो. मी सांगून किंवा तुम्ही वाचून ते होत नाही.

नाव? पाहिजे तर नुसतं पहिलं नाव सांगा, आडनाव, गाव, नोकरी काहीच सांगावं लागत नाही. 'आज मी फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. एएमध्ये सभासदांची नोंदवही नसते, फॉर्म नसतो. आत ऐकलेलं आणि पाहिलेलं बाहेर न्यायचं नाही हा तिथला दंडक आहे.

ते विद्यार्थ्याचे वडील. सर, ते कशासाठी आले होते याचा विचार करून बघा. तुमच्या नजरेला ते जितके उघडे पडले तितकेच तुम्ही त्यांच्या नजरेला पडला असता, बरोबरीने. शाळेच्या पालकसभेत तुम्ही त्यांच्याबद्दल गप्प राहावं ही त्यांची गरज आहे, तुमच्याइतकीच. शिवाय पुष्कळ ठिकाणी नव्या माणसाने बिचकून परत जाऊ नये म्हणून एखादा जुना सभासद मुद्दाम बाहेर थांबतो. ते तुमच्यासारख्याचीच वाट बघत उभे असतील, असंही असू शकतं.

बभ्रा होण्याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तालुक्याचं गाव आहे, कधी ना कधी कुणाला कळेल. पण पोरं तुमच्या हाताकडे बघतात हे तुम्हीच लिहिलंत. शाळेआधी घेतल्यावर तोंडाला येणारा वास वेलची-बडीशेपेने झाकत नाही. तुम्ही पिता हे गावाला माहीत आहे. सोडायला धडपडताय, एवढंच माहीत नाही. त्यातलं काय लोकांना कळलेलं बरं, तुम्हीच ठरवा. तरी पाऊल उचलत नसेल तर पहिल्या काही मीटिंगा कऱ्हाडला किंवा पुण्याला करा, एसटीचं तिकीट दारूपेक्षा स्वस्त आहे. किंवा मोबाइलवर ऑनलाइन मीटिंगला बसा. लॉकडाऊननंतर हे प्रमाण फार वाढलं, मराठीतूनही अशा मीटिंगा होतात, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं. फक्त तिथेच कायमचे थांबू नका. मीटिंग संपल्यावर चहाच्या कपाबरोबर पाठीवर पडणारी थाप पडद्यातून येत नाही.

ख्रिश्चनांचं आहे का? जन्म अमेरिकेत झाला, प्रार्थनेवर तिथली छाप आहे, आणि मुंबई-गोव्यात काही मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, म्हणून तसं बोललं जातं. पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण 'ज्याला जसा समजला तसा' या शब्दांत. कुणी विठ्ठल म्हणतो, कुणी निसर्ग, कुणी समोर बसलेल्या माणसांनाच ती शक्ती मानतो. धर्म बदलायला कुणी सांगत नाही. देव न मानणारी माणसंही तिथे वर्षानुवर्षं दारूशिवाय राहिली आहेत. प्रार्थनेच्या वेळी उभं राहायला मन घेत नसेल तर गप्प बसून राहा.

आणि नुसतं बोलून काय होतं? विज्ञानाच्या शिक्षकाने हे विचारलं याचा मला आनंद झाला. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत मिळून १० हजारांहून जास्त लोक होते. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीचे ठरले, आणि सलग न पिता राहण्याच्या बाबतीत काहीसे सरस. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आहेत, हेही सांगायला हवं. पण कारणं बघितली तर ती कुठेही लागू पडावीत अशी आहेत. संध्याकाळी सात ते नऊ ही तुमची प्यायची वेळ, त्याच वेळी तुम्ही दुसरीकडे बसलेले असता. न पिणाऱ्या माणसांची ओळख होते, आणि या वयात नवे मित्र मिळणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिला पेग घ्यायच्या आधी फोन करता येईल असे पाच-सहा नंबर जवळ येतात. आणि एक दिवस नवा कुणी थरथरत्या हाताने येतो, तेव्हा त्याच्याशेजारी तुम्ही बसता.

तिथे 'फक्त आजच्या दिवसापुरतं' असं फार ऐकू येईल. आयुष्यभराचं वचन कुणी मागत नाही. शपथांनी पोळलेल्या माणसाला ही मोठी सवलत आहे, ती मोकळ्या मनाने घ्या.

मीटिंग शोधायची कशी? एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांची माहिती आणि संपर्काचे नंबर मिळतात. तिथे दिलेल्या नंबरावर फोन करा. उचलणारा माणूस बहुधा स्वतः या वाटेने आलेला असतो, म्हणून कसं बोलू याची काळजी नको. 'मला दारूचा त्रास आहे, मीटिंगला यायचंय, पहिल्यांदाच' एवढं पुरे. तीन गोष्टी विचारा: पुढची मीटिंग कधी आणि कोणत्या दाराने आत यायचं, ओपन आहे का, आणि मला घ्यायला कुणी स्टँडवर येईल का. तिसरा प्रश्न विसरू नका. बहुतेक वेळा कुणीतरी येतं, आणि मग फाटकापासून माघारी फिरायचा प्रश्नच उरत नाही. जुन्या याद्यांवर विसंबू नका, शाळेच्या परीक्षा, निवडणुका, सुट्ट्या यांमुळे जागा आणि वेळा बदलतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारलंत तर तेही सांगतील.

दाखल होऊन उपचार घ्यायची गरज डॉक्टरांना वाटली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला जवळ आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, आणि सुरुवातीला पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी आर्थिक बळ दिलं. तिथून बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याच्या बैठका असतात, त्या चुकवायच्या नाहीत. बरी झालेली माणसं घसरतात ती बहुतेक वेळा 'आता मला गरज नाही' म्हणून जाणं बंद केल्यावर. (हे पत्र वाचणाऱ्या बायकांपैकी कुणी स्वतः पीत असेल तर मुक्तांगणचाच स्त्रियांसाठीचा निशिगंध विभाग आहे, आणि एएमध्येही फक्त स्त्रियांच्या मीटिंगा असतात. बाईने हे कबूल करणं आपल्याकडे दसपट अवघड आहे, पण दार उघडं आहे.)

पहिली मीटिंग आवडली नाही तर? होऊ शकतं. एखाद्या गटात एकच माणूस तासभर बोलत बसतो, कुठे जुन्यांचा कंपू असतो, कुठे सगळे कामगार वर्गातले आणि तुम्हाला परकं वाटतं, कुठे उलट. एका मीटिंगवरून निकाल देऊ नका, निदान पाच-सहा करा, जमलं तर दोन वेगळ्या गटांत. आणि एक खबरदारी घ्या. कुणी जुना सभासद प्रेमाने सांगेल की डॉक्टरच्या गोळ्या म्हणजेही नशाच, बंद करा. ऐकू नका. औषध हा डॉक्टरांचा प्रांत आहे, एएची स्वतःची भूमिकाही तीच आहे. थोडे रुळलात की एखाद्या जुन्या माणसाला आपला स्पॉन्सर व्हायची विनंती करा, म्हणजे अडीअडचणीला हक्काने फोन करता येईल असं कुणीतरी.

वहिनींना माझा निरोप सांगा: ती पावडर मागवू नका. अशा पुड्यांत काय असतं ते पाकिटावर खरं लिहिलेलं नसतं. काहींत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध खरं आहे, डॉक्टर ते देतात, पण तपासण्या करून आणि पिणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावू शकतो. ज्याला माहीतच नाही की भाजीत काय होतं, तो तर हमखास पिणार. आणि नंतर कळलं की घरच्या जेवणावरचा विश्वास कायमचा जातो. मित्र 'व्यसनमुक्ती केंद्राची गाडी बोलवा, उचलून नेतील' असंही सुचवतील. जिथे मारझोड होते, नातेवाइकांना भेटू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, तिथे कुणालाही पाठवू नये.

वहिनींनी करण्यासारखं दुसरं आहे. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये अल-ॲनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. महाराष्ट्रातही त्याच्या मीटिंगा होतात, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. ती आपल्यामुळे सुरू झालेली नाही, आपल्याला ती आवरता येणार नाही आणि बरीही करता येणार नाही, हे तिथल्या बायका एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगतात. बाटल्या शोधण्यात, पैसे लपवण्यात, शाळेत 'साहेबांना ताप आहे' असे फोन करण्यात तिची किती वर्षं गेली असतील. तुम्ही मीटिंगला गेलात किंवा नाही गेलात, तरी तिने तिच्या मीटिंगला जावं.

लेकीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, दोनच वाक्यं लिहिलीत. तरी सांगते. तिला आता नवं वचन देऊ नका, शपथ तर नाहीच. ती ऐकून घेईल आणि खोलीत जाईल. डॉक्टरांची वेळ ठरली की तिला सांगा, 'सोमवारी मी सिव्हिलला जातोय, दारूसाठी.' मीटिंगचा वार ठरला की सांगा, 'मंगळवारी सात ते साडेआठ मी तिकडे असेन, नऊला घरी येतो.' आणि नऊला घरी या. एखाद्या मंगळवारी मोडलं तर तेही तिला तुमच्याच तोंडून कळू द्या, आणि बुधवारी कुठे मीटिंग आहे ते शोधून तिथे जा. तिने काही विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर अभ्यास करू द्या, तिचं दहावीचं वर्ष आहे. मुलं बोलण्यावर नाही, वेळापत्रकावर विश्वास ठेवायला लागतात, आणि त्याला महिने लागतात.

देव्हाऱ्यातली माळ सध्या आहे तिथे राहू द्या. या आठवड्यात दोनच कामं आहेत, सिव्हिलची ओपीडी आणि तो फोन. मीटिंग झाली की मला कळवा.